उशीर

ऑक्टोबरात अंधार पडला की डोक्यावर तीन ठळक ताऱ्यांचा मोठा त्रिकोण दिसतो: अभिजित, श्रवण आणि हंसाच्या शेपटीतला डेनेब. डेनेबपासून हंसाच्या अंगावरून सरकत खाली आलं की दोन पंख जिथे जुळतात तिथे सद्र नावाचा तारा आहे. हात ताणून धरला तर सद्रपासून एक-दोन बोटांवर मी बघत राहते. तिथे काही दिसत नाही. आकाशगंगेतली धूळ त्या दिशेला इतकी दाट आहे की तिच्यामागचे प्रचंड तारे साध्या डोळ्यांना लागतच नाहीत. तरीही मी बघते, कारण त्या रिकाम्या जागी एक जोडी राहते हे मला ठाऊक आहे.

जोडीतला मोठा आपल्या सूर्याच्या सुमारे पंधरापट वस्तुमानाचा, निळसर-पांढरा, भयंकर तापलेला. त्याला धड नावही नाही. मॅसी आणि थॉम्प्सन या दोघांनी १९९१ साली त्या भागातल्या ताऱ्यांची यादी छापली, तिच्यात हा २१३ व्या क्रमांकावर आहे. तेच त्याचं नाव. दुसरा पंचवीसेक किलोमीटर व्यासाचा एक गोळा, ज्यात सूर्याहून जास्त ऐवज दाबून भरलेला आहे. हा न्यूट्रॉन तारा, आणि आपल्याला त्याचे झोत नियमित ठोक्यांसारखे मिळतात म्हणून पल्सर. याचं नाव म्हणजे नुसता पत्ता: पीएसआर जे२०३२+४१२७. सेकंदाला सात फेऱ्या स्वतःभोवती. दिवस म्हणावा तर एक सप्तमांश सेकंदाचा.

मोठ्याभोवतीची याची फेरी मात्र पंचेचाळीस ते पन्नास वर्षांची आहे. नक्की किती, हे अजून कुणालाही सांगता येत नाही.

हा पल्सर सापडला तेव्हा एकटाच वाटला होता. अमेरिकेची फर्मी ही गॅमा किरणांची दुर्बीण २००८ साली अवकाशात गेली आणि पुढच्याच वर्षी, गॅमा किरणांच्या तुरळक टिपक्यांमधून ठेका हुडकताना, हा हाती लागला. मग रेडिओ दुर्बिणींनीही त्याला पकडलं. इंग्लंडमध्ये मँचेस्टरजवळ जॉड्रेल बँक इथे अँड्र्यू लाइन आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षं पल्सरांचे ठोके मोजत आले आहेत. याचेही मोजू लागले. एकटा पल्सर हळूहळू मंदावत जातो, पण त्या मंदावण्याला एक शिस्त असते. आजचा वेग आणि मंदावण्याचा दर कळला की पुढच्या वर्षी अमुक तारखेला कितवा ठोका कधी पोहोचेल हे सेकंदाच्या बारीक अंशापर्यंत सांगता येतं. याच्या बाबतीत तो अंदाज सारखा चुकत राहिला. मध्येच त्याच्या फिरण्याला एक छोटा हिसका बसल्याचं दिसलं, असे हिसके पल्सरांना बसतात, पण तो वजा केला तरी हिशेब जुळेना. ठोके ज्या वेळी यायला हवेत त्या वेळी येत नव्हते, आणि ही चूक दर वर्षी एकाच वळणाने वाढत होती.

अशा चुकीचा एक अर्थ फार जुना आहे. पॅरिसच्या वेधशाळेत ओले रोमर नावाचा डॅनिश तरुण गुरूच्या आयो या चंद्राची ग्रहणं मोजायचा. पृथ्वी गुरूपासून दूर जात असली की ग्रहणं उशिरा दिसतात, जवळ येत असली की लवकर. १६७६ साली त्याने आधीच सांगून ठेवलं की नोव्हेंबरातलं एक ग्रहण दहा मिनिटं उशिरा सुटेल. तसंच झालं. आयो वेळेवरच होता. त्याची बातमी घेऊन निघालेल्या प्रकाशाला जास्त वाट तुडवावी लागली होती. प्रकाशाला वेग असतो, तो एका क्षणात सगळीकडे पोहोचत नाही, हे माणसाला अशा एका उशिरातून कळलं. पल्सरवाले आजही या फरकाला रोमरचंच नाव देतात.

हंसातल्या पल्सरचे ठोके असेच वाटेतल्या अंतरामुळे मागेपुढे होत होते. कुणीतरी त्याला ओढत होतं. २०१५ साली लाइन आणि मंडळींनी जाहीर केलं की हा एकटा नाही, यादीतल्या २१३ व्या ताऱ्याभोवती तो फिरतो आहे. तो तारा तर त्यांच्याकडे छापील यादीत पंचवीस वर्षं पडून होता! फेरी पंचवीसेक वर्षांची असावी, असा त्यांचा पहिला अंदाज. आणखी दोन वर्षांचे ठोके हातात आल्यावर तो जवळजवळ दुप्पट झाला.

माझ्या आजीला हे सगळं फार सोपं वाटलं असतं. वैभववाडीजवळच्या आमच्या घरी कोल्हापूरची गाडी संध्याकाळी यायची. गाडी करूळचा घाट उतरून येते. आजीने तो घाट आयुष्यात मोजक्या वेळा पाहिला असेल. पण पडवीत बसून तिला नुसत्या उशिरावरून सगळा घाट दिसायचा. थोडी मागे झाली तर गगनबावड्याला चहा लांबला. दिवेलागण होऊन गेली तर समोरून लाकडाच्या गाड्या चढतायत. आणि जेवणं व्हायची वेळ आली तरी हॉर्न ऐकू आला नाही, तर ती अगदी शांतपणे सांगायची, "घाटात ट्रक आडवो पडलो आसतलो." रात्री माणसं येऊन तेच सांगायची. वेळेवर आलेल्या गाडीबद्दल मात्र तिने कधी काही सांगितल्याचं मला आठवत नाही. सांगण्यासारखं तिच्यात काही नसायचंच.

असं वाचणं फसवंही असतं, आणि ते लाइन यांच्याइतकं कुणाला माहीत नसेल. १९९१ च्या उन्हाळ्यात त्यांनी आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये एक शोध छापला होता: दुसऱ्या एका पल्सरभोवती, पीएसआर १८२९-१० भोवती, ग्रह फिरतो आहे. सूर्याखेरीज दुसऱ्या कुणाला ग्रह असल्याची बातमी म्हटल्यावर जगभर गाजावाजा झाला. ग्रहाची फेरी होती सहा महिन्यांची. सहा महिने, म्हणजे आपल्या वर्षाच्या बरोबर अर्धे; खरं तर तिथेच पाल चुकचुकायला हवी होती. पुढे लाइन पुन्हा हिशेबाला बसले तेव्हा दिसलं की पल्सरची जागा किंचित चुकीची धरली गेली होती आणि पृथ्वीची कक्षा थोडी लांबट आहे ही गोष्ट दुरुस्तीत नीट उतरली नव्हती. जो हेलकावा दूरच्या ताऱ्याचा म्हणून जाहीर झाला तो आपल्याच जमिनीचा होता. जानेवारी १९९२ मध्ये अटलांटाला खगोलशास्त्रज्ञांच्या मोठ्या सभेत, जिथे त्या ग्रहाबद्दलच बोलायला त्यांना बोलावलं होतं, तिथे उभं राहून त्यांनी सांगितलं की ग्रह नाही. सभेने बराच वेळ टाळ्या वाजवल्या. त्यांच्यानंतर बोलायला उभे राहिले अलेक्झांडर वोल्श्चान, आणि त्यांनी आणखी एका पल्सरभोवतीचे ग्रह मांडले. ते खरे निघाले.

मला या सभेचं नवल वाटतं, पण त्याहून जास्त नवल पुढच्या गोष्टीचं. त्या दिवसानंतर माणूस उशिरांच्या वाटेला न जाता तर समजण्यासारखं होतं. तो वीस-बावीस वर्षं तेच मोजत राहिला आणि एका खऱ्या सोबत्यापर्यंत पोहोचला.

या जोडीची चित्रं काढणारे नेहमी दोघांना शेजारी-शेजारी दाखवतात: मोठा निळा गोळा, त्याच्याभोवती धुराची थाळी, आणि थाळीत घुसणारा एक चमचमता ठिपका. अशी चित्रं मला खोटी वाटतात. पन्नास वर्षांच्या फेरीत ती वेळ काही महिन्यांचीच. एरवी दोघं इतके लांब असतात की एका चौकटीत मावायचे नाहीत. कक्षा कमालीची लांबुडकी आहे. जवळच्या टोकाला त्यांच्यातलं अंतर पृथ्वी आणि सूर्य यांच्यातल्या अंतराहून फारसं जास्त नसतं. लांबच्या टोकाला ते नेपच्यूनच्या अंतराच्या दुप्पट होतं. ढोबळ हिशेब केला तर जवळून जाताना पल्सरचा वेग सेकंदाला शंभराहून जास्त किलोमीटर असतो आणि पार टोकाला गेला की तीन-चार किलोमीटर. म्हणजे त्याची बहुतेक वर्षं त्या लांबच्या, थंड, संथ वळणावरच जातात.

१३ नोव्हेंबर २०१७ ला तो जवळच्या टोकाला आला. आला म्हणायचं आपल्या पंचांगाने. तिथून प्रकाश इथवर यायलाच पाच हजार वर्षांच्या आसपास लागतात, तेव्हा तो सगळा प्रसंगही आपल्याला उशिरानेच कळलेला. पण तारीख आधी माहीत होती. ॲरिझोनातली व्हेरिटास आणि कॅनरी बेटांपैकी ला पाल्मावरची मॅजिक, दोन्ही दुर्बिणी वाट बघत होत्या. या भागातून अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण येतात हे २००२ सालीच, त्याच ला पाल्मावरच्या हेग्रा नावाच्या जुन्या दुर्बिणींनी दाखवलं होतं, आणि ते कुणाचे हा प्रश्न कितीतरी वर्षं तसाच लोंबकळत पडला होता. आता पल्सर जवळ येऊ लागला तशी तिथली क्ष-किरणांची चमक वाढत गेली, गॅमा किरणांची वाढली, आणि गाठीच्या सुमाराला एकदम ओसरली. पल्सर सतत विद्युतभारित कणांचा वारा फेकत असतो. मोठा ताराही फेकतो, शिवाय तो स्वतःभोवती इतक्या वेगाने फिरतो की त्याच्या मध्यरेषेवरून वायू निसटून भोवती तबकडी तयार होते. दोन वारे समोरासमोर भिडतात तिथे कणांना प्रचंड वेग मिळतो, आणि ते कण किरण सोडतात.

तो मोठा तारा इतका गरगर फिरतो तरी का? बहुतेक शास्त्रज्ञ जे उत्तर देतात ते मला या सगळ्यात सर्वांत आवडतं. आज लहान असलेला पूर्वी मोठा होता. दोघं एकत्र जन्मले, त्यातला हा वजनदार, म्हणून आयुष्यही याने भराभर उडवलं. फुगला तेव्हा त्याच्या अंगावरचा वायू शेजाऱ्यावर ओघळत राहिला. शेजारी त्याने जडही झाला आणि वेगाने फिरूही लागला. देणारा उघडा पडला आणि स्फोटात संपला; उरला तो हा पंचवीस किलोमीटरचा गाभा. स्फोटाचा धक्का एकाच बाजूने बसतो, अशा वेळी बहुतेक जोड्या मोडतात. ही मोडता मोडता राहिली. कक्षेचा तो चेपलेला, ताणलेला आकार हीच त्या धक्क्याची खूण. पल्सरचं मंदावणं बघून त्याचं वय दोनेक लाख वर्षं येतं. म्हणजे तेव्हापासून तो चारेक हजार वेळा आला असेल आणि दर वेळी त्या तबकडीतून गेला असेल, जी त्याच्याच पूर्वीच्या ऐवजाने शेजाऱ्याला दिलेल्या गतीतून उडते आहे. पुढे तो शेजारीही फुगेल आणि फुटेल. तेव्हाचा धक्का ही गाठ सहन करील की नाही, कुणास ठाऊक.

या जातीची दुसरी एक जोडी आहे, जास्त गाजलेली. पीएसआर बी१२५९-६३. सायमन जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीने ती शोधली आणि १९९२ साली जाहीर केली. प्रचंड, जिवंत ताऱ्याभोवती फिरणारा रेडिओ पल्सर माणसाला दिसला तो हा पहिलाच. त्याची फेरी १,२३७ दिवसांची, साधारण तीन वर्षं पाच महिने. जवळ आला की तबकडीच्या आड त्याचे रेडिओ ठोके महिनाभर ऐकूच येत नाहीत आणि मग दुसऱ्या बाजूने पुन्हा सुरू होतात. २००४ मध्ये नामिबियातल्या हेस दुर्बिणींनी त्याचे अतिउच्च ऊर्जेचे गॅमा किरण पकडले. डिसेंबर २०१० ची गाठ होऊन महिना उलटला, सगळं निवलं असं वाटत असताना फर्मीला त्याचा असा भडका दिसला की पल्सरच्या एकूण शक्तीचा जवळपास सगळा वाटा त्यात खर्ची पडत असावा. पुढच्या फेऱ्यांतही भडका आला, पण २०२१ मध्ये नेहमीपेक्षा बराच उशिरा. का, यावर अजून वाद आहेत. पुढची गाठ नोव्हेंबर २०२७ मध्ये.

ही जोडी आपल्या खोडदच्या दुर्बिणीला मात्र कधीच दिसत नाही. ती त्रिशंकूच्या शेजारी आहे. चैत्र-वैशाखात कोकणच्या किनाऱ्यावरून त्रिशंकू दक्षिणेला समुद्राच्या जरा वर उभा दिसतो; खोडदहून ही जोडी क्षितिजाच्या वर जेमतेम सात अंश चढते आणि तिथल्या तबकड्या तितक्या खाली वळतच नाहीत. नारायणगावच्या पुढे, ऊस-कांद्याच्या शेतांमधून त्या तीस तबकड्या पसरल्या आहेत, प्रत्येकी पंचेचाळीस मीटर रुंदीची, चौदा मध्यावर आणि सोळा तीन लांब हातांवर. सगळा पसारा पंचवीस किलोमीटरचा, म्हणजे पल्सर आणून ठेवला तर तेवढ्यात मावेल. (ठेवू नये.) गोविंद स्वरूप यांनी ही दुर्बीण उभी केली तेव्हा पल्सर हे तिच्या मुख्य कामांपैकी एक होतं. विज्ञान दिनाला तिथे जत्रा भरते. शाळेच्या बसगाड्या, ऊन, भेळेचे कागद, आणि एका तंबूत स्पीकरवर पल्सरचे ठोके. मी गेले होते तेव्हा एक मुलगा कान लावून बराच वेळ ऐकत राहिला आणि मग समजावून सांगणाऱ्या विद्यार्थ्याला त्याने विचारलं, "हा चुकतो का कधी?" विद्यार्थी हसून म्हणाला, "चुकला तर आम्हाला बरं."

बी१२५९ चं मला कौतुक आहे, पण माया हंसातल्याची. जो साडेतीन वर्षांनी येतो त्याच्या अभ्यासात माणूस अनेक गाठी पाहतो. एक चुकली तर पुढची आहे. पन्नास वर्षांनी येणाऱ्याचं तसं नाही. २०१७ मध्ये ज्यांनी त्या दुर्बिणी वळवल्या त्यांच्यातले फार थोडे पुढच्या वेळी असतील.

असाच लांबुडक्या कक्षेचा, आयुष्यात एकदा भेटणारा आणखी एकजण आहे, हॅलेचा धूमकेतू. दोन्ही कक्षांचा लांबटपणाही जवळपास सारखा. १९८६ मध्ये बाबांनी आम्हाला पहाटे उठवून माळावर नेलं होतं. दक्षिणेला खाली एक पुसट डाग होता. बाबा म्हणाले तोच, म्हणून तोच. मला खरं तर झोप हवी होती. ज्या एडमंड हॅलेचं नाव त्याला आहे त्याला स्वतःला परतीची भेट मिळाली नाही. १७५८ च्या अखेरीस येईल असं सांगून तो १७४२ मध्ये गेला. साल जवळ आलं तेव्हा पॅरिसमध्ये क्लेरो, लालांद आणि निकोल-रेन लपोत हे तिघं आकडेमोडीला बसले. गुरू आणि शनी वाटेत धूमकेतूला ओढतात, त्यामुळे त्याला किती उशीर होईल हे त्यांना काढायचं होतं. लालांदने पुढे लिहून ठेवलं की सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत, कधी जेवतानासुद्धा, ते आकडे मांडत होते. उत्तर आलं ६१८ दिवस. एप्रिल १७५९ च्या मध्यावर तो सूर्याजवळ पोहोचेल, महिनाभर इकडे-तिकडे. पोहोचला १३ मार्चला. पंचवीस डिसेंबर १७५८ च्या रात्री तो प्रथम पाहिला तो ड्रेस्डेनजवळच्या योहान पालिट्श नावाच्या शेतकऱ्याने. क्लेरोने पुस्तक छापताना लपोतचं नाव मात्र गाळलं. बाकी सगळं त्याने दिवसापर्यंत मोजलं.

डिसेंबर २०२३ मध्ये हॅलेचा धूमकेतू लांबच्या टोकावरून वळला आणि परत निघाला. जुलै २०६१ मध्ये तो सूर्याजवळ असेल. हंसातला पल्सर अजून दूरच जातो आहे, दर वर्षी जरा मंद. त्याची पुढची गाठ फेरी पंचेचाळीस वर्षांची धरली तर २०६२ च्या अखेरीस, पन्नासची धरली तर २०६७ मध्ये. एवढी मोठी फट राहण्याचं कारण सरळ आहे: फेरीचा एक तुकडाच ऐकलेला आहे, लांबचं वळण अजून कुणी ऐकलेलं नाही. जसजसे ठोके साठतील तसतशी फट कमी होईल.

मागच्या दिवाळीत भाची आली होती तेव्हा गच्चीवर तिला मी सद्रच्या शेजारची ती रिकामी जागा दाखवली आणि हे सगळं सांगितलं. ती इंजिनिअरिंगला आहे, तिला फट आवडली नाही. "मावशी, पाच वर्षांचा फरक म्हणजे फारच झाला," असं म्हणून तिने मोबाइलवर काहीतरी मांडून पाहिलं, मग मोबाइल ठेवून दिला आणि पंचेचाळीसवर पैज लावली. मी पन्नासवर. रक्कम अजून ठरायची आहे.